शामियाना नको, राहुटी घ्या!

परवा भाच्याचा फोन आला. "मामाजी, तीन तंबूंचे फोटो पाठवलेत. एक पसंत करून द्या. उद्या ॲडव्हान्स द्यायचा हाये."

फोटो पाहिले आणि टाळकं सटकलं. त्याला लगेच "तिन्ही नको" एवढंच कळवलं. त्यावर त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं, "काहून?" आता त्या "काहून"चं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. भाचा वाचेलच, त्याच्या मंडळाची पोरंही वाचतील. आमच्या नातेवाइकांपैकी काहींना पुढचा भाग आवडणार नाही, पण तेही वाचतीलच. :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. भाच्याचं मंडळ दरवर्षी जानेवारीत गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीखाली दोन रात्रींची "ऐतिहासिक छावणी" भरवतं. फेटे, लाठीकाठी, दांडपट्टा, चुलीवरचं जेवण, आणि सकाळी शाळेची पोरं पाहायला येतात. उपक्रम चांगला आहे. मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा शंभर पटींनी चांगला. यंदा त्यांनी विषयही आपल्या मातीतला घेतलाय: कामठा, १८१८. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली, पुढे आप्पासाहेब भोसल्यांना गादी सोडावी लागली आणि त्या धामधुमीत आपल्या गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. रायगड-प्रतापगडाच्या पलीकडे आपल्या भागालाही इतिहास आहे, हे पोरांना सुचलं याचा मला खरंच आनंद झाला होता.

आणि मग ते फोटो आले.

पहिला फोटो पांढऱ्याशुभ्र गोल तंबूचा. मधोमध एक खांब, घंटेसारखा आकार, आत गालिचा आणि दिव्यांच्या माळा. भाच्याची टीप: "एकदम जुना लुक, मामाजी. कॅनव्हास हाये, नायलॉन नाही." बरोबर, कॅनव्हास आहे. पण हा घंटेचा आकार युरोपातल्या फौजांचा. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) तो गाजला, त्याचा अमेरिकन भाऊ सिबली याने १८५६ साली पेटंट घेतलेला, आणि आताचं त्याचं रूप रिसॉर्टवाल्यांनी आणलेलं. म्हणजे कामठ्याच्या बंडखोरांना आपण एका परदेशी फौजेच्या तंबूत झोपवणार, आणि तोही त्यांच्या नंतर चाळीस वर्षांनी गाजलेल्या! जंगल पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी लावतात तो "स्विस टेंट" सुद्धा याच माळेतला. तो साहेबाच्या दौऱ्याचा तंबू. कलेक्टर गावोगाव फिरायचा, त्याच्या आधी त्याचा तंबू बैलगाडीतून जायचा आणि गावकरी तो उभारून द्यायचे. त्यात पाहुणे खुशाल राहोत. पण मंडळाने त्याला "भोसलेकालीन" म्हणून पाटी लावू नये.

दुसरा फोटो लाल सॅटिनच्या शामियान्याचा. सोनेरी झालर, चार चकचकीत खांब, समोर सिंहासन. लग्नाच्या मंडपवाल्याकडून भाड्याने मिळणारा.

तिसरा हिरव्या नायलॉनचा घुमट, त्यावर भगवं कापड टाकलेलं. "हा बजेटमधला."

तिसऱ्याबद्दल मी जास्त बोलत नाही. बिचारा निदान खोटं तरी बोलत नाही. शाल पांघरलेला प्लास्टिकचा तंबू आहे हे लांबूनही कळतं. फक्त चुलीपासून दूर ठेवा, ठिणगी पडली की नायलॉन वितळून अंगावर ठिबकतं.

माझं खरं भांडण दुसऱ्याशी आहे.

लाल शामियाना चुकीचा आहे असंही नाही. तो होता. पण कोणाचा होता? बर्निए नावाचा फ्रेंच डॉक्टर १६६४-६५ साली औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला निघाला होता, त्याने बादशाही छावणीचं वर्णन लिहून ठेवलंय. बाहेरून लाल कापड, आतून मछलीपट्टणची छापील छीट. तंबूंचे दोन संच. बादशहा एका मुक्कामी असला की दुसरा संच पुढच्या मुक्कामावर उभा. त्याला पेशखाना म्हणत, आणि तो वाहायला साठाच्या वर हत्ती आणि दोनशे उंट लागत. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात लाल मखमलीचा डेरा आजही पाहायला मिळतो. टिपू सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा छिटाचा तंबू वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे, आणि त्याचं कापड आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपूरचं आहे असं जाणकार मानतात. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाच्या भेटीसाठी शिवाजी महाराजांनी शामियाना उभारला, तोही मुद्दाम भपकेदार. खानाला भुलवायचं होतं ना! भपका तिथे हत्यार होता. महाराज रोज त्यात झोपत नव्हते.

आता गंमत बघा. जोधपूरचा डेरा टिकला, टिपूचा तंबू टिकला. का? राजांचे होते म्हणून. शिपायाची राहुटी कुठल्या संग्रहालयात पाहिलीय? नाही सापडणार. ती दोन पावसाळ्यांत विरली, मग तिचं खोगिराखालचं अस्तर झालं, मग धान्याची थैली, मग बाळाची दुपटी, आणि शेवटी चुलीजवळचं फडकं. जे टिकलं ते श्रीमंतांचं, म्हणून आपल्याला वाटतं की इतिहास म्हणजे सगळा मखमलीचाच होता. सिनेमावाल्यांनी त्यावर कळस चढवला. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांतही शिवाजी आला की मखमल आलीच. तिथे ते शोभतं, ते नाटक आहे. पण तुम्ही "जसं होतं तसं" म्हणून शाळेच्या पोरांना बोलावता. मग "जसं होतं तसं" दाखवा की.

मागच्या वर्षी मी छावणीला आलो होतो. भाच्याला आठवत असेल. तेव्हाही असाच शामियाना होता. मंडपवाल्याने टेम्पोतून आणला, चार कामगार पोरांनी दुपारभर खपून उभा केला. रात्री आम्ही आत गाद्यांवर झोपलो. जानेवारीतली तलावाकाठची थंडी, सॅटिनला श्वास घेता येत नाही, पहाटे आतून दव टपटप अंगावर पडायला लागलं. मी उठून बाहेर आलो. शेकोटी विझली होती. टेम्पोखाली पोत्यांवर ती चार पोरं गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. शामियाना सकाळी उतरवून दुसऱ्या लग्नाला न्यायचा म्हणून ती तिथेच थांबलेली. दोघांच्या अंगावर मिळून एक चादर.

खरं सांगतो, त्या सगळ्या छावणीत तेवढीच एक गोष्ट अस्सल होती.

कारण तेव्हाही असंच होतं. तंबू उभारणाऱ्याला फरास म्हणत. तो तंबू उभारायचा आणि बाहेर झोपायचा. ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहून पत्रं लिहिली, ती १८१३ साली पुस्तकरूपाने आली. त्यातून दिसतं की मराठ्यांची छावणी म्हणजे एक चालतं गाव. बाजार, दुकानं, बायकामुलं, जनावरं, सगळं बरोबर. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच जास्त. दाणावैरण वाहणारे बंजारे तर इतके महत्त्वाचे की १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीची फौजही त्यांच्यावाचून अडून बसायची. या चालत्या गावात सरदारांचे डेरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळा पसारा राहुट्यांचा आणि पालांचा, आणि त्याहून मोठा पसारा नुसत्या आभाळाखाली. मग दोन रात्रींच्या छावणीत आपण सगळेच्या सगळे सरदार कसे काय होतो?

इथे नातेवाइकांनी मन घट्ट करावं.

आपल्या घरात सांगतात की आपले पूर्वज भोसल्यांबरोबर कटकच्या स्वारीत होते. आत्याच्या तोंडी ते "सरदार" असतात, काकाजींच्या तोंडी "सेनापती". मीही लहानपणी वर्गात हेच सांगायचो. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ १९१६ साली छापला गेला. त्यात पोवारांबद्दल एवढंच आहे की त्यांनी चिमणाजी भोसल्यांना कटकच्या स्वारीत साथ दिली आणि बक्षीस म्हणून त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेला जमिनी मिळाल्या. जमिनी मिळाल्या. सरदारक्या नाही. आणि आपण त्या जमिनींचं काय केलं? बांध घातले, धान लावला. माणूस आपल्याला जे येतं तेच फौजेत जाऊनही करतो. माझा अंदाज असा की आपला तो पणजोबाचा खापरपणजोबा बैल हाकत, ओझं वाहत, वेळ आली तर भाला धरत कटकला गेला असेल. रात्री राहुटी मिळाली तर नशीब, नाहीतर गाडीखाली.

आता कोणी म्हणेल, यात कमीपणा आला. मला कुठेच कमीपणा दिसत नाही. शेकडो मैल जंगल तुडवून परत आलेला माणूस, त्याला सिंहासनावर बसवून आपण त्याचा मान वाढवतो की त्याला पुसून टाकतो? लाल सॅटिनखाली बसलेला माणूस आपला पूर्वज नाहीच, तो कॅलेंडरवरचा राजा आहे. आपला माणूस टेम्पोखाली झोपला होता.

भाच्याचं पुढचं म्हणणं मला ठाऊक आहे, कारण ते त्याने मागच्या वर्षीच ऐकवलंय. "मामाजी, गरिबाची राहुटी पाहायले कोन येईन? पोरायले भारी वाटलं पाहिजे न!" मुद्दा खोटा नाही. वर्गणी देणाऱ्यालाही फोटोत काहीतरी झगमगीत लागतं. पण माझा अनुभव उलटा आहे. शामियान्यासमोर पोरं दोन मिनिटं उभी राहिली, फोटो काढला, गेली. ती गर्दी करून बसली कुठे? जात्याजवळ. कारण तिथे हात लावता येत होता. राहुटी तशीच आहे. एका पोराच्या हातात मोगरी द्या, दुसऱ्याला तणावा ओढायला सांगा, चौघांना मेढी धरू द्या. दहा मिनिटांत घर उभं! सहावीतल्या पोराला यापेक्षा भारी काय वाटणार? शामियाना पाहायचा असतो, राहुटी उभारायची असते.

तर मंडळी, नुसती टीका करून थांबणं बरं नाही. घ्यायचं काय ते सांगतो.

कापड: साधं, न धुतलेलं, जाड सुती. मांजरपाट जाड मिळालं तर तेच, दोसुती मिळाली तर उत्तम. रंग कापसाचा असतो तोच, पिवळट. ब्लीच केलेलं पांढरंशुभ्र नको. "पॉलि-कॉटन" म्हणून गळ्यात मारतात तेही नको. गिरणीतलं कॅनव्हास चालेल का? आपल्या खिशाला परवडत असेल तर चालेल, लांबून फरक कळत नाही. पण जमलं तर हातमागाचं घ्या. त्या काळात आपल्याकडचं जाडंभरडं कापड महार आणि पनका विणकर विणत होते. छावणी ज्यांच्या कापडाखाली झोपली त्यांचं नाव छावणीच्या फलकावर कधीच नसतं. यंदा लिहा.

माप: अर्ज छत्तीस इंच धरला तर पंधरा फुटांचे चार पट्टे, म्हणजे वीस वार. हे पट्टे आढ्यावरून आडवे टाकायचे, म्हणजे शिवण आढ्यापासून जमिनीकडे उतरते आणि पाणी शिवणीच्या बाजूने वाहून जातं. शिवण आढ्याला समांतर घेतलीत तर प्रत्येक शिवणीवर पाणी अडेल. दोन्ही टोकांचे त्रिकोण धरून आणखी सातेक वार. उंची सहा फूट, तळाला रुंदी आठ फूट. चार माणसं पाय पसरून झोपतात. चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमचं कापड असेल तर सगळं मिळून आठेक किलो भरेल. एक माणूस खांद्यावर टाकून चालू शकतो. शामियान्याला टेम्पो लागतो, हा फरक पोरांना वजन करून दाखवा.

लाकूड: हे तर आपल्याच दारात आहे. भरीव बांबूच्या दोन मेढी आणि एक आढं. लोखंडी पाइप आणि त्याला चिकटवलेला लाकडाचा कागद, असला प्रकार कृपया नको. मेखा सागाच्या किंवा ऐनाच्या तुकड्यांच्या. दोर अंबाडीचा किंवा सुताचा. निळी-पिवळी नायलॉनची दोरी एकच दिसली तरी सगळ्यावर पाणी फिरतं.

आणि सवय: नवी राहुटी आधी दोन-तीनदा भिजवून वाळवा. सुताचा धागा भिजला की फुगतो, विणीतली भोकं बुजतात आणि कापड स्वतःच पाणी अडवायला लागतं. पाऊस चालू असताना आतून बोट लावू नका, लावलं तिथून झिरपायला सुरुवात होते. ओली राहुटी घडी करून ठेवलीत तर आठवड्यात बुरशी. आपल्याकडे पावसाळा कसा असतो हे मी सांगायला नको. धान पिकवणाऱ्या या मुलखात ओलं कापड माळ्यावर टाकणं म्हणजे ते फेकून देणंच. आणि चूल राहुटीपासून दहा-बारा पावलं लांब. सूत वितळत नाही, पण पेटतं.

हे सगळं शिकवणारी माणसं कुठे सापडतील? इथे मला जे म्हणायचंय ते थोडं टोचेल. राहुटी आणि पाल या वस्तू आपण "लुप्त झालेल्या" समजतो. पाल लुप्त झालेलं नाही. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीला आजही पालच म्हणतात. गावाबाहेर, रेल्वेच्या रुळाशेजारी, बाजाराच्या मैदानात दोन मेढी, एक आढं, वर कापड. हल्ली कापडाच्या जागी प्लास्टिकची ताडपत्री आणि जाहिरातीचं फ्लेक्स आलंय, पण बांधणी तीच. तेच पाल पाहून आपण "इथून उठा" म्हणतो, आणि जानेवारीत त्याच बांधणीचा तंबू "हेरिटेज" म्हणून विकत घ्यायला निघतो. तेव्हा मंडळाने त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलवावं. प्रदर्शनातली वस्तू म्हणून नव्हे, शिकवायला. मानधन द्यावं, खुर्ची द्यावी, आणि पोरांना सांगावं की हे आपले सर. यात मंडळाला अवघड वाटत असेल, तर छावणीचा विषयच पुन्हा एकदा तपासावा.

एक सरदारी डेरा मात्र असू द्या, माझा हट्ट नाही. एकच. लहानसा, सुती, लाल खारव्याचं अस्तर लावलेला. त्याच्याभोवती दहा राहुट्या, आणि त्यांच्या पलीकडे मोकळ्या जागेत बैलगाडी, तिच्याखाली गवत अंथरलेलं. तिथे पाटी नको. मंडळाच्या अध्यक्षांनी एक रात्र तिथे झोपावं, बस्स. मीही झोपेन. गुडघे कुरकुर करतील, चालेल.

आणि काही झालं तरी एक गोष्ट पाळा. जो तंबू उभारेल तो तंबूत झोपेल. बाकी सगळ्या शिवणी चुकल्या, बांबू वाकडा निघाला, अंबाडीऐवजी सुतळी आली, तरी मी समजून घेईन. हे चुकलं तर नाही. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट दाखवताना त्या काळातला अन्यायही जसाच्या तसा चालू ठेवायचा, इतकं अस्सल व्हायची गरज नाही.

असो. फारच लांबलं.

काल बाजारातून सत्तावीस वार मांजरपाट आणून ठेवलंय. आईने मशीनला तेल घातलं आणि विचारलं, "एवढ्या कापडाचं काय शिवायचंय?" मी म्हटलं, घर. ती म्हणाली, "मग त्रिकोण आधी काप, नाहीतर कापड कमी पडेल." बरोबर होतं तिचं.

ता. क. भाच्यास: ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर त्या पैशात मंडपवाल्याकडून चार रजया आण. त्या कोणासाठी ते तुला कळलंच असेल.